महाबळेश्वरला येणारा पर्यटक जेवतो कुठं? आणि त्याच्या ताटातला पैसा जातो कुठं?

महाबळेश्वर : शनिवार-रविवार आला की पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. पाचगणी, महाबळेश्वर, तापोळा, प्रतापगड सगळीकडं गर्दी. पण दुपारी ही माणसं जेवायला बसतात तेव्हा ताटात काय असतं? पनीर, तंदुरी रोटी, नाहीतर गुजराती थाळी. पुण्या-मुंबईत मिळतं तेच. डोंगरात येऊन डोंगरातलं जेवण न खाताच बहुतेक लोक परत जातात.

यात पर्यटकाचा तोटा आहेच, पण त्याहून मोठा तोटा गावाचा आहे. हॉटेलातलं पनीर, मैदा, तेल सगळं घाटाखालून येतं. म्हणजे पर्यटकानं जेवणावर खर्च केलेला पैसा बराचसा आल्या वाटेनं खाली जातो. गावाच्या वाट्याला उरतो वाढप्याचा पगार आणि रस्त्यावरचा कचरा.

भाकरीचा हिशोब

नाचणीचंच घ्या. 2025-26 साठी केंद्रानं नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये ठरवला. म्हणजे किलोला 49 रुपये धरा. एक किलो पिठात साधारण आठ भाकऱ्या होतात. एक भाकरी 25 रुपयांना गेली असं समजा, तर त्याच किलोचे 200 रुपये झाले. दळण, सरपण आणि बाईमाणसाचे कष्ट त्यातून वजा करा. तरी धान्य विकण्यापेक्षा भाकरी विकणं परवडतं, हे कुणालाही कळेल.

मग लोक हे करत का नाहीत? पहिलं कारण रानडुक्कर आणि गवा. रात्र-रात्र राखण करूनही पीक हाती लागत नाही, म्हणून डोंगरउतारावरची नाचणी-वरी अनेकांनी सोडली. दुसरं कारण माणसं. जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यातल्या घराघरातला गडी मुंबई-नवी मुंबईत माथाडी, नाहीतर कुठं नोकरीला. गावात म्हातारी माणसं आणि बाया. तिसरं म्हणजे, आपलं साधं जेवण पाहुण्याला कसं द्यायचं, ही लाज. खरं तर पाहुणा तेच शोधत असतो.

चांगलं खायचं तर कुठं, कधी?

स्ट्रॉबेरी नोव्हेंबरअखेर ते एप्रिलपर्यंत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. भिलार, पाचगणी भागात थेट शेतावर जाऊन घ्यावी. भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. पुस्तकं घराघरात ठेवलीत, त्यामुळं पाहुणा उंबऱ्याच्या आत येतो. तिथंच जेवणाची सोय विचारता येते.

मध घ्यायचा तर मांघरला. 2022 मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट लागतो. चव वेगळी लागली म्हणून भेसळ समजू नये.

तापोळा-बामणोली पट्ट्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी, ताजा मासा आणि तांदळाची भाकरी. आदल्या दिवशी फोन केला तर गावठी कोंबडीही होते. प्रतापगडावर झुणका-भाकरी आणि ठेचा.

पावसाळ्यात भारंगी, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या निघतात. पण शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. म्हणून माहितगार बाईच्याच हातची खावीत.

ओळखायची खूण सोपी आहे. जिथं "भाकरी थापायला अर्धा तास लागंल, थांबा" असं सांगतात, तिथं बसावं. जिथं पाच मिनिटांत चाळीस पदार्थ मिळतात, तिथला बराचसा माल फ्रिजमधला असतो.

गावानं काय करावं?

मोठं हॉटेल बांधायच्या भानगडीत पडू नये. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामावर कडक बंधनं आहेत. जमीन बाहेरच्याला विकली की आपल्याच रानात आपण वॉचमन होतो, ही उदाहरणं गावोगावी आहेत. आहे त्या घरात, आहे त्या पडवीत दहा-पंधरा माणसांची पंगत बसते. त्याला नवं बांधकाम लागत नाही.

कागद मात्र सरळ ठेवावेत. घरगुती खाणावळीलाही अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, छोट्या धंद्याला फी नाममात्र आहे. शेतावर राहण्या-जेवणाची सोय करायची तर 2020 च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करता येते. पाणी तपासून घ्यावं, संडास-बाथरूम स्वच्छ ठेवावं. चुलीवरच्या चवीसाठी आलेला पाहुणा घाण बघून परत येत नाही.

दर आधी सांगावा, पाटीवर लिहावा. गाडी बघून दर बदलला की एका दिवसाचा फायदा होतो आणि मोबाईलवरच्या एका वाईट शेऱ्यानं सगळ्या गावाचं नाव जातं. बचत गटातल्या बायांनी वार वाटून घेतले, तर एकीवर ताण येत नाही आणि पाहुणाही उपाशी परत जात नाही.

राहिला प्रश्न नाचणीचा. गव्या-डुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, तर ताटातली भाकरीही बाहेरच्या पिठाचीच होणार. खवय्ये वाढले तरी शेत पडीकच राहणार. म्हणून ग्रामसभेत कुंपणाचा आणि भरपाईचा विषय रस्ता-गटारीइतक्याच जोरानं मांडायला पाहिजे. डोंगरातली खाणावळ चालायची असेल, तर आधी डोंगरातलं रान पिकलं पाहिजे.