चुकलेल्या उत्तरापाशी दोन मिनिटे थांबू द्या

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे



तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही डोळ्यांसमोर आणा. ५२ वजा २७, उत्तर ३५. खाली ८१ वजा ४६, उत्तर ४५. दोन्हींवर लाल फुली. फुल्यांवरून एवढेच कळते की याला वजाबाकी येत नाही. पण त्याला जवळ बसवून ‘कसं केलंस, सांग बरं’ असे विचारले की तो म्हणतो, ‘मोठ्यातून लहान वजा करायचं ना, बाई?’ सातातून दोन गेले, उरले पाच. पाचातून दोन गेले, उरले तीन. हा नियम त्याने वर्गातच ऐकलेला असतो आणि तो इमानाने पाळत असतो. अशा मुलाला आणखी पन्नास गणिते घालून काही होत नाही. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवाव्या लागतात. एक जुडी सोडली की सुट्या काड्या बारा होतात, त्यांतून सात उचलता येतात आणि हातचा कुठून आला ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

हे विचारायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे शिक्षकाला मिळावीत, यासाठी हे पत्र.

कागदावर ती केव्हाच मंजूर झालेली आहेत. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि संकलितचा ३०. पुढे तो बदलत सातवी-आठवीला ४० आणि ६० होतो. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनेही त्यात सांगितली. आराखडा समतोल होता, आजही आहे. घात झाला तो नोंदींनी. निरीक्षण करण्यापेक्षा निरीक्षणाची नोंद असणे महत्त्वाचे ठरले, तशा वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘गणिती क्रिया अचूक करतो’ हे वाक्य चाळीस मुलांपुढे उतरवले गेले. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकाच वेळी सांभाळणाऱ्या गुरुजींना त्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल.

२०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. या चाचण्या हव्यात. किती मुले अडखळली हे त्यांच्यावरून समजते. कशामुळे अडखळली, हे मात्र उत्तरपत्रिका वाचणाऱ्या माणसालाच समजते, आणि गुण ऑनलाइन भरले की त्या उत्तरपत्रिका कपाटात जातात.

गुणांच्या मर्यादेवर रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळांत केलेला, १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही वाचण्याजोगा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्या मुलांत. गुणांसोबत शेरा दिला तेव्हा शेऱ्याचा फायदा उरला नाही.

मुलाची चूक समजून घेण्याचे आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावन्न’बरोबर ‘पन्नास सात’ आले आणि राज्यभर टिंगल झाली. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण शांतपणे मांडली होती. सत्तावन्न म्हणताना सात आधी येतो, लिहिताना मात्र पाच. म्हणून मूल ७५ लिहिते. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिते, कारण त्याला ‘तीस’ ऐकू आलेले असते. पर्याय पटो न पटो, मुलाची चूक कान देऊन ऐकण्याची ती रीत मोलाची होती. वादात नेमकी तीच हरवली.

तेव्हा मागणे थोडेच आहे. परिषदेच्या चाचण्यांना उत्तरसूची असते. तिच्यात प्रत्येक प्रश्नापुढे अपेक्षित चुकीची उत्तरेही छापावीत आणि त्या उत्तरामागे मुलाने काय विचार केला असेल, हे एका ओळीत द्यावे. ०.३ पेक्षा ०.२५ मोठे म्हणणारे मूल पंचवीस आणि तीन यांची तुलना करते, हे नव्या शिक्षकाला आयते कळले तर त्याची अनेक वर्षे वाचतील.

दुसरे, दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला एक तास चुकलेल्या उत्तरांसाठी राखावा. शिक्षकांनी वर्गातल्या चार वह्या आणाव्यात, मधोमध ठेवाव्यात, एकमेकांना विचारावे. त्या तासाचा अहवाल, फोटो, लिंक काहीही मागू नये.

आणि जिथे आकारिक नोंद लिहायचीच आहे, तिथे महिन्याला वर्गातल्या पाचच मुलांची असावी, पण खरी असावी. ‘हातचा घेताना दशक कमी करायला विसरतो, काड्यांनी जमते’ अशी.

यासाठी नवे पोर्टल नको, निधीही नको. एक परिपत्रक पुरेसे आहे. येत्या सत्राच्या पहिल्या शिक्षण परिषदेआधी ते आपण काढावे, ही आग्रहाची विनंती.