फळा डिजिटल, चित्रकलेचा शिक्षक अंशकालीन

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास नेहमीच दुबळा राहिला आहे. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी याच तासाचा जातो. आता या तासाला डिजिटल माध्यमांची जोड द्यावी, असा आग्रह धरला जात असून त्यावर दोन ठरावीक सूर ऐकू येतात. यंत्राने मुलाचा हात मरतो, असे एक पक्ष म्हणतो. यंत्राने कलाशिक्षणाचा कायापालट होईल, असे दुसरा मानतो. पडद्याशेजारी उभे कोण राहणार, हे मात्र दोघेही विचारीत नाहीत.

वस्तुतः प्रतिकृतींच्या आधारे कला शिकणे आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. लंडनला पाठविलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. पण त्या कामात पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार होते, आणि मुळासमोर बसून घडलेली त्यांची नजर काही जळाली नाही. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये खुल्या केलेल्या पावणेचार लाखांवर प्रतिमा कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ज्या मुलाने कॅलेंडरापलीकडे चित्र पाहिलेले नाही, त्याला रेम्ब्रांटच्या कुंचल्याचा एकेक फटकारा वर्गात बसून न्याहाळता यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

दुसरा लाभ खर्चाचा आहे. कागद आणि रंग विकत घ्यावे लागतात, म्हणून गरीब घरातले मूल रंग जपून वापरते. आणि रंग जपणारा प्रयोग करीत नाही. क्रितासारखी विनामूल्य प्रणाली असलेले यंत्र एकदा हाती आले, की पुढच्या प्रत्येक चित्राचा सीमांत खर्च जवळजवळ शून्यावर येतो. दहा रंगसंगती करून पाहाव्यात, नऊ टाकून द्याव्यात. अर्थात चूक फुकट झाली की विचार न करता ती करण्याची सवयही जडते. जलरंगाचा ओला थर माघारी घेता येत नाही, म्हणून तो देण्यापूर्वी हात थांबतो. डेव्हिड हॉक्नी यांनी २०२० मध्ये, ऐंशी उलटल्यावर, नॉर्मंडीतला वसंत आयपॅडवर रंगविला. त्यामागे अनेक दशकांचे हाताने केलेले रेखाटन होते. पडद्यासमोरच्या मुलाला हे थांबणे शिकवावे लागते, आणि ते काम प्रणाली करीत नाही.

येथे जमाखर्च पाहावा लागतो. समग्र शिक्षा योजनेत शाळेतील दोन स्मार्ट वर्गांसाठी २ लाख ४० हजारांचे एकरकमी आणि ३८ हजारांचे वार्षिक अनुदान ठरविण्यात आले. याउलट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक दिला, तोही विद्यार्थी शंभरांहून अधिक असतील तरच. यंत्र एकदाच घ्यावे लागते, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. शिक्षकाचे वेतन दरमहा द्यावे लागते आणि त्याचे छायाचित्र कोणी छापीत नाही! पण यंत्र व शिक्षक या चहा-साखरेसारख्या पूरक वस्तू आहेत. चहा स्वस्त झाला की साखरेची मागणी वाढते. आपल्या शिक्षण खात्याला मात्र चहा घेतल्यावर साखर वाचेल असे वाटते.

पालकांचा हिशेब आणखी निराळा. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेतील श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळू शकतात, आणि ही परीक्षा हाताने कागदावर चित्र काढण्याची आहे. पडद्यावरच्या कामाला या हिशेबात जागा नाही. तेव्हा गुणांच्या ओढीने ते वर्गात रुजेल, अशी आशा व्यर्थ आहे.

प्रत्येक लहान शाळेला पूर्णवेळ चित्रकला शिक्षक परवडणार नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु एका केंद्रातील पाच-सहा शाळांना मिळून एक शिक्षक नेमता येईल. आठवड्यातला एकेक दिवस त्याने एकेका शाळेला द्यावा आणि टॅब्लेटचा एकच संच त्याच्यासोबत फिरावा. सहा शाळांत सहा संच कुलपात धूळ खात पडण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. शिक्षकाला प्रवासभत्ता द्यावा लागेल; तो त्या वार्षिक ३८ हजारांतून भागविण्याची मुभा मुख्याध्यापकांना असली पाहिजे.