मुस्कटदाबीचा परवाना नको

अमेरिकी सिनेटमधील बहुमताचे तत्कालीन नेते हॅरी रीड यांनी २४ जानेवारी २०१२ रोजी ठरलेले, इंटरनेटवरील पायरसी रोखण्यासाठीच्या 'पिपा' विधेयकावरील मतदान २० जानेवारीला, शुक्रवारी, पुढे ढकलले. प्रतिनिधिगृहातील तशाच 'सोपा' विधेयकाचे कर्ते लामार स्मिथ यांनीही त्याच दिवशी माघार घेतली. दोन्ही पक्षांचे वजनदार नेते आणि अवघे हॉलिवूड पाठीशी असलेली ही विधेयके लोकांनी आठवडाभरात रोखली. त्या आठवड्यात बुधवारी इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद राहिला, गुगलने आपल्या नावावर काळी पट्टी चढवली आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत मतदारांच्या फोनची रीघ लागली. सिनेटर मार्को रुबिओ, ऑरिन हॅच अशा 'पिपा'च्या सहप्रस्तावकांनीच पाठिंबा काढून घेतला. ही माघार स्वागतार्ह होती.

पायरसी ही चोरी आहे, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. शुक्रवारी लागलेल्या मराठी चित्रपटाची कॅमेरा प्रिंट तेव्हा शनिवारी फुटपाथवर मिळे, मोबाइलच्या दुकानात चार पैसे टाकले की मेमरी कार्डात भरून मिळे. कर्ज काढून सिनेमा करणारा निर्माता त्यात बुडे. त्याला संरक्षण हवेच. प्रश्न आहे तो त्यासाठी कोणाच्या हाती किती अधिकार द्यायचे, हा.

'सोपा'च्या मूळ मसुद्यानुसार एखाद्या संकेतस्थळावर आपला माल चोरला जातो असे हक्कधारकाने नुसते पत्राने कळवले, की जाहिरात आणि पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी पाच दिवसांत त्या स्थळाशी व्यवहार तोडायचा होता. न्यायालयाची पायरी चढण्याआधीच रसद बंद. प्रत्युत्तराची सोय होती, पण कोणती कंपनी एका छोट्या संकेतस्थळासाठी कज्जे अंगावर घेईल? याशिवाय सरकारने न्यायालयाचा हुकूम मिळवला की परदेशी संकेतस्थळाचा पत्ताच इंटरनेटवर सापडू नये, अशी तरतूद होती. एका पानावर चोरीचा माल सापडला म्हणून बाकीची हजार पाने वाचकांना बंद, असा हा न्याय! प्रचंड टीकेनंतर पत्ता अडवण्याचे कलम वगळण्याची तयारी स्मिथ यांनी त्याआधीच्या आठवड्यात दाखवली, पण तोवर विश्वास उडाला होता.

नव्या कायद्याची निकड किती होती, हे माघारीच्या आदल्या दिवशी, गुरुवारीच दिसले. अमेरिकी यंत्रणांनी फाइल ठेवण्याचे 'मेगाअपलोड' हे संकेतस्थळ बंद पाडले आणि त्याचा संस्थापक किम डॉटकॉम याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. हे सारे हाती असलेल्या कायद्यांच्या बळावर घडले. त्यात खटल्याची आणि आरोपीला बाजू मांडण्याची वाट खुली राहिली.

आपल्याकडे मात्र अमेरिकेने जे विधेयकाच्या टप्प्यावर अडवले, त्याच जातीचे नियम तेव्हा आधीच अमलात आले होते. केंद्राने एप्रिल २०११ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मध्यस्थ इंटरनेट कंपन्यांसाठी नियम काढले. तक्रार आली की ३६ तासांत कंपनीने हालचाल करायची होती. कॉपीराइटचा भंग, बदनामी इथपासून कोणाला तरी 'हीन लेखणारा' मजकूर इथपर्यंत सारे त्यात कोंबले होते. ज्याचा मजकूर उडवायचा, त्याला कळवण्याचे बंधन नव्हते. उडवलेला मजकूर परत आणण्याची वाट नव्हती. एखाद्या नगरसेवकाच्या कंत्राटांविषयी लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकाला आपला लेख गेल्याचा पत्ता लागला असता तो कोणी वाचकाने विचारल्यावर. संसदेत चर्चा न होता हे लागू झाले, आणि एवढ्यावर समाधान नाही म्हणून तत्कालीन दूरसंचारमंत्री कपिल सिब्बल यांनी डिसेंबर २०११ मध्ये आक्षेपार्ह मजकूर आधीच गाळण्याची अपेक्षा इंटरनेट कंपन्यांकडून व्यक्त केली.

पायरसीच्या नावाने काय होते, तेही आपण पाहिले आहे. जुलै २०११ मध्ये 'सिंघम' चित्रपटासाठी दिल्ली उच्च न्यायालयाकडून अज्ञात प्रतिवादींविरुद्ध मनाई हुकूम मिळवण्यात आला आणि काही इंटरनेट पुरवठादारांनी फाइल ठेवण्याची आख्खी संकेतस्थळेच बंद केली. आपले स्वतःचे काम तिथे ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा छायाचित्रकाराला कोणी विचारले नाही.

२०१२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे हे नियम मागे घेऊन संसदेपुढे रीतसर विधेयक आणायला हवे होते. लेखकाला नोटीस, त्याचे म्हणणे ऐकणे, निर्णय न्यायालयाचा, आणि खोटी तक्रार करणाऱ्याला दंड, एवढे तरी त्यात हवे होते. महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या दोन लोकसभा खासदारांनी या नियमांवर आपली भूमिका काय, हे अधिवेशनाआधी मतदारांना सांगायला हवे होते. आणि ते सांगत नसतील, तर मतदारांनी त्यांना फोन करून विचारायला हवे होते.