अभिप्रायाची वही कुणाच्या घरात?



ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. एका अर्थी ते वाचक बाईनं दिलेलं उत्तरच होतं. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवर खटला चालला. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला खणखणीत जबाब दिला. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केलं. कागदावर प्रत टिकली होती, म्हणूनच ताराबाई आपल्यापर्यंत पोचल्या.

आज बाई उत्तर देते ते बहुधा पडद्यावर. ते कोण जपून ठेवतं?

अनेक वृत्तपत्रांनी आणि लहान संस्थांनी आपल्या संकेतस्थळावर लेखाखाली फेसबुकची अभिप्रायाची चौकट बसवली. ती फुकट होती, जाणकार माणूस लागत नव्हता आणि नावानिशी लिहायचं म्हटल्यावर शिवीगाळ कमी होईल अशी आशा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीनं जाहीर केलं, की इतरांच्या संकेतस्थळांवरची ही चौकट आणि ‘लाइक’चं बटण १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद होईल. संकेतस्थळ मोडणार नाही, फक्त त्या जागी काही दिसणार नाही.

लेख संस्थेच्या जागेत होता, पण त्याखाली बायकांनी लिहिलेलं कंपनीकडे होतं. असं पूर्वीही घडलं आहे. २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झालं, तेव्हा त्यावरून ब्लॉगांवर आलेले अभिप्रायही गेले. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायकांनी मिळवलेला प्रेक्षक एका फटक्यात हातचा गेला. कधी कंपनीचा हिशोब, कधी सरकारचा आदेश. बाईला मात्र कुणीच विचारत नाही.

तरीही मला या चौकटीसाठी नुसतं हळहळावंसं वाटत नाही. तिच्यात कोण लिहू शकत होतं, हेही पाहायला हवं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. मी जिंतूर तालुक्यात चारठाण्याला काम करते. इथं घरात फोन असतो, पण त्यातलं खातं नवऱ्याचं नाहीतर मुलाचं. मारहाणीवरच्या लेखाखाली आपलं नाव आणि फोटो दिसेल, दीर वाचेल, सासरी बोभाटा होईल, या धास्तीनं बाई वाचते आणि गप्प बसते. खऱ्या नावाच्या अटीनं शिव्या देणारे फारसे थांबले नाहीत. थांबली ती सोसणारी.

म्हणून नवी सोय करताना जुनीच चूक नको. दुसऱ्या एखाद्या कंपनीची चौकट आणून बसवण्याआधी दोन प्रश्न विचारू या. इथं लिहिलेलं उद्या आपल्याला सगळंच्या सगळं बाहेर काढून घेता येईल का? आणि नाव न देता बाईला लिहिता येईल का?

स्वतःची वही ठेवणं अशक्य नाही. वर्डप्रेससारख्या मोफत प्रणालीत अभिप्रायाची सोय अंगचीच असते. तो मजकूर संस्थेच्याच साठ्यात राहतो आणि नाव-पत्त्याची अट काढून टाकता येते. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून स्वतःच्या जागेवर वाचकांना बोलतं करत आहे.

त्याला खर्च आहे, हे कबूल. जाहिरातींचा कचरा येतो, घाणेरडं लिहिणारेही येतात. कुणीतरी रोज वाचून मगच छापायला हवं. लहान संस्थांत आधीच माणसं कमी, त्यात हे एक काम वाढतं. पण हेल्पलाइनवर फोन घ्यायला आपण पाळी लावतोच ना? हे ऐकणंही त्याच जातीचं काम आहे. नावं आणि नंबर आपल्याकडे आले, की ते सांभाळायची जबाबदारीही येते. गरज नसेल तर ते विचारूच नयेत.

जुने अभिप्राय जिथून मिळतील तिथून उतरवून घ्या. कुणी पडद्याचे फोटो काढले असतील, कुणाच्या ईमेलमध्ये सूचना आल्या असतील. त्यातलं पुन्हा छापायचं झालं तर लिहिणारीची परवानगी घ्या आणि ती हवं म्हणेल तरच नाव घाला. ज्यांच्या हाती फोनच नाही, त्यांच्यासाठी गटाच्या बैठकीत लेख मोठ्यानं वाचा आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत टिपून पाठवा. वर्षातून एकदा ही वही छापून ठेवली, तर ती कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही.

आपापल्या भागात ही सोय कशी करता आली किंवा कुठे अडलं, ते आम्हाला कळवा. पोस्टकार्डही चालेल. नाव घालायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.