मांसाचा लगाम



'कालवड अडली' हे शब्द कानावर पडले की गोठ्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तीस वर्षांपूर्वी, नोकरीला नवीन असताना, एका वस्तीवर मी हे पाहिले. लहान चणीची पहिलारू कालवड. वासरू दांडगे यावे म्हणून थोराड जातीचे रेत भरलेले. वासरू दांडगेच होते, पण बाहेर येईना. रात्रभर खटपट झाली. पहाटे वासरू गेले आणि पाठोपाठ कालवडही. घरातल्या आजी मला म्हणाल्या, "साहेब, मोठं वासरू मागितलं, हेच चुकलं का?" मी गप्प राहिलो.

त्या प्रश्नाचे उत्तर पुढे मला स्नायूंवरील संशोधनात सापडले, म्हणून आज ते सांगतो.

जनावराचे मांस म्हणजे त्याचे स्नायू. स्नायू प्रथिनांचे बनतात. कोणते प्रथिन कसे बनवायचे, हे पेशीच्या केंद्रात डीएनएमध्ये लिहिलेले असते. कचेरीतले मूळ दफ्तर कोणी बाहेर नेऊ देत नाही, आपण नक्कल काढून आणतो. पेशीतही तसेच चालते. डीएनए जागेवर राहतो आणि त्यातल्या हव्या तेवढ्या मजकुराची नक्कल निघते. ही नक्कल म्हणजे आरएनए. नकलेबरहुकूम प्रथिन तयार होते.

१९९७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी उंदरांच्या डीएनएमधला एक मजकूर बंद पाडला. त्या उंदरांचे स्नायू दुपटी-तिपटीने वाढले! म्हणजे तो मजकूर स्नायूंना आवर घालणाऱ्या प्रथिनाचा होता. त्या प्रथिनाला मायोस्टॅटिन म्हणतात. बैलाला जसा कासरा, तसे स्नायूंना मायोस्टॅटिन.

त्याच वर्षी बेल्जियन ब्लू या गाईच्या जातीचे कोडे सुटले. या जनावरांच्या मांड्या आणि पुठ्ठे पाहावेत तर जणू दोन जनावरांचे मांस एकावर चढवलेले. त्यांच्या डीएनएमध्ये या मजकुरातली ११ अक्षरे गळालेली निघाली. कासराच तुटलेला! मात्र वासरू इतके रुंद आणि गाईचा मार्ग अरुंद, त्यामुळे बहुतेक वेळा पोट चिरून वासरू काढावे लागते. तिकडे हा खर्च धरूनच ही जात पाळतात.

पुढची गोष्ट मेंढीची. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटावरून आलेली टेक्सेल मेंढी मांसल म्हणून नावाजलेली. २००६ साली बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातील मिशेल जॉर्जेस यांच्या गटाने तिचे मायोस्टॅटिन तपासले. प्रथिनाच्या मजकुरात चूक नव्हती. फरक होता एकाच अक्षराचा, तोही नकलेच्या शेवटी, जिथून प्रथिन बनतच नाही त्या भागात. पण त्या अक्षरामुळे स्नायूंतले सुमारे २२ अक्षरांचे चिमुकले आरएनए तिथे येऊन चिकटते आणि नक्कल दाबून टाकते. मायोस्टॅटिन कमी बनते. इथे कासरा तुटला नाही, सैल झाला.

अशा चिमुकल्या आरएनएला मायक्रोआरएनए म्हणतात. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत १९९३ साली ते प्रथम दाखवून देणाऱ्या व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आजींचा प्रश्न. मोठे वासरू मागणे चूक नव्हते. पण वासराला मांस चढले म्हणून आईचा मार्ग रुंद होत नाही. एकच गुण ओढून घेतला की त्याचा ताण दुसरीकडे पडतो.

म्हणून एवढे सांभाळा. कालवड वयाने आणि वजनाने पुरती भरल्याशिवाय भरवू नका. पहिल्या वेताला थोराड जातीचे रेत घेऊ नका. रेतन करायला येणाऱ्याला वळूची जात विचारा. तो तुमचा हक्क आहे. विताना वासरू अडले तर चार जणांनी दोर लावून ओढू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

दारची गाय सुखरूप सुटली, तर वासरू थोडे लहान असले तरी घरात दूध येते.