पैसे देण्याआधी पुस्तक उघडा

नांदगाव आणि आसपासच्या खेड्यांतल्या तरुण वाचकांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही, हे लिहितो आहे. हल्ली कॉलेजातल्या मुलामुलींच्या मोबाइलवर टॅरोची पानं उलटणारे व्हिडिओ येतात. जन्मतारीख टाकली की स्वभाव सांगणारी अ‍ॅप येतात. मेणबत्त्या आणि स्फटिक मांडून 'मी विच आहे' असं अभिमानाने सांगणाऱ्या परदेशी बायकाही दिसतात. घरात पंचांग आहेच, वर्तमानपत्रात राशिभविष्य आहेच, आणि लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिका बाहेर निघतेच. मग एखाद्याला वाटतं, हे सगळं नेमकं आहे तरी काय, एकदा मुळापासून समजून घ्यावं.

असं वाटण्यात वावगं काही नाही. कुणी हसलं तर मनावर घेऊ नका. माझं सांगणं एवढंच आहे की आधी वाचा, मग ठरवा, आणि वाचून होईपर्यंत कुणाला एक रुपयाही देऊ नका. वाचताना दोन प्रश्न मात्र सतत जवळ ठेवा. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी आणि कधी लिहिली? आणि ती कुणी तपासून पाहिली आहे का?

सुरुवात आकाशापासून करा. त्यासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं ठिकाण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला आणि 1207 साली त्या मठाला दान मिळालं, अशी नोंद त्यात आहे. हे चांगदेव यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी होते. आपल्या शेजारच्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी ग्रहांचं गणित शिकवण्याची रीतसर सोय होती, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

त्याच भास्कराचार्यांची एक गोष्ट घरोघर सांगतात. मुलगी लीलावती हिच्या पत्रिकेत वैधव्य होतं, ते टाळणारा एकच मुहूर्त होता, आणि घटिकापात्रात मोती पडून तो मुहूर्त चुकला. आता पहिला प्रश्न विचारून पाहा. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा, 'सिद्धांतशिरोमणी' 1150 चा. आणि ही कथा आपल्याला भेटते ती 1587 साली अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने केलेल्या त्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथाच्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. कथा गोड आहे, मुलांना जरूर सांगा. पण तिच्या आधारावर कुणाच्या मुलीचं लग्न अडवू नका.

आकाशासाठी डॉ. जयंत नारळीकर यांचं 'आकाशाशी जडले नाते' घ्या. मराठीत आहे आणि शाळकरी मुलालाही समजेल असं आहे. ज्याला पंचांगाचा इतिहास हवा, त्याने शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' उघडावं. 1896 सालचा ग्रंथ आहे, भाषा जुनी वाटेल, पण ग्रहगणित कुठून आलं, फलज्योतिष त्याला कसं जोडलं गेलं, पंचांगं एकमेकांशी का जुळत नाहीत, हे इतक्या बारकाईने मराठीत क्वचितच कुणी मांडलं असेल. दीक्षित हे शाळेत शिकवणारे गृहस्थ होते, दापोलीजवळच्या मुरूडचे. सगळा ग्रंथ एका दमात वाचायची गरज नाही. रोज चार पानं पुरेत.

एक उदाहरण घरीच तपासा. समजा एखाद्या मुलीचा जन्म 5 एप्रिलचा आहे. मोबाइलमधलं अ‍ॅप तिची रास मेष सांगेल, कारण पाश्चात्त्य पद्धतीत 21 मार्चच्या सुमारास सूर्य मेषेत येतो. घरातलं पंचांग उघडा. त्यात 13-14 एप्रिलपर्यंत सूर्य मीनेतच असतो. दोन्ही पद्धतींत आज सुमारे 24 अंशांचा फरक पडला आहे, कारण पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो आणि 72 वर्षांत साधारण एक अंश सरकतो. म्हणून तर सूर्य उत्तरेकडे वळतो 22 डिसेंबरच्या आसपास आणि आपण मकर संक्रांत करतो 14-15 जानेवारीला. त्यात आजी जी रास सांगते ती सूर्याची नसतेच, जन्मावेळी चंद्र ज्या राशीत होता ती असते. एकाच मुलीच्या तीन राशी निघू शकतात. मग कोणत्या राशीचा स्वभाव तिचा समजायचा? हा प्रश्न भविष्य सांगणाऱ्याला नम्रपणे विचारा आणि उत्तर नीट ऐका.

आता साडेसातीबद्दल. नांदगावजवळच्या नस्तनपूरला शनी अमावस्येला केवढी गर्दी होते ते आपण पाहतो. साडेतीन शनिपीठांतलं एक म्हणून लोक ते स्थान मानतात. तिथे जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. श्रद्धेने हात जोडणाऱ्याचं काही चुकत नाही. पण साडेसातीच्या भीतीने जो महागडी शांती करायला किंवा खडा घ्यायला निघाला आहे, त्याने आधी हा हिशोब करावा. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी मिळून साडेसात वर्षं. याचा अर्थ कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींची साडेसाती चालूच असते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाखांच्या आसपास होती. तिचा चौथा हिस्सा म्हणजे पावणेतीन कोटींहून जास्त माणसं. एवढ्या सगळ्यांचे दिवस एकाच वेळी वाईट जात असतील का? कांद्याचा भाव पडतो तेव्हा तो बाराही राशींच्या शेतकऱ्यांचा पडतो.

दुसरा प्रश्न, तपासून पाहण्याचा. हे काम आपल्याच राज्यात झालं आहे. नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं. 51 जणांनी तयारी दाखवली, 27 जणांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकाला 40 पत्रिका दिल्या होत्या, आणि कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं होतं. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं 46 टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी 50 च्या आसपास आलं असतं. 2009 मध्ये हा निकाल 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आला. पत्रिका दाखवायला निघण्याआधी घाटपांडे यांचं 'ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी' हे पुस्तक वाचाच. प्रश्नोत्तरांचं आहे, आणि लिहिणारा माणूस फलज्योतिषाचा अभ्यास केलेला आहे. टिंगल न करता तो एकेक शंका सोडवतो.

घरातही एक चाचणी करता येते. वर्तमानपत्रातलं बारा राशींचं भविष्य कापा, राशींची नावं काढून टाका आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझा कालचा दिवस यातल्या कोणत्या चिठ्ठीत आहे? बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये असंच काही केलं होतं. वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला, आणि प्रत्येकाला वाटलं की तो फक्त आपल्यासाठी लिहिला आहे. पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण त्यांनी त्या मजकुराला दिले. 'तुम्ही मनाचे चांगले, पण लोक तुम्हाला समजून घेत नाहीत', हे वाक्य कुणाला लागू पडत नाही?

टॅरोकडे वळू. 78 पानांचा हा पत्त्यांचा जोड पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाला. त्यातली 22 पानं चित्रांची, उरलेली 56 आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांची. तीनशेहून अधिक वर्षं लोक त्याने डाव खेळत होते. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ही प्राचीन इजिप्तची गुप्तविद्या असल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाही वाचता येत नव्हती. आज मोबाइलवर जी चित्रं दिसतात ती बहुतेक 1909 ची आहेत. आर्थर वेट यांनी सांगितली आणि पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. मोबदला अगदी थोडा मिळाला, आणि पुढे कित्येक वर्षं त्या जोडाच्या नावात त्यांचं नावही नव्हतं. टॅरो ज्यांना आवडतं त्यांची बाजू समजून घ्यायची तर रेचल पोलॅक यांचं 'सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विज्डम' वाचा, आणि पत्त्यांच्या इतिहासासाठी मायकेल डमेट यांचं 'द गेम ऑफ टॅरो'. दोन्ही इंग्रजीत आहेत, 1980 ची आहेत. चित्रं बघून स्वतःच्या मनातलं बोलायला कुणाला मदत होत असेल, तर होवो. पण पुढच्या महिन्यात नोकरी लागेल की नाही, हे पत्त्याच्या पानाला कळत नाही.

विचक्राफ्टचंही तसंच. परदेशात आज जो 'विक्का' नावाचा पंथ आहे, तो जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थाने उभा केला. इंग्लंडमधला चेटूकविरोधी जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये त्यांचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं. हा पंथ हजारो वर्षं जुना आहे या दाव्याची छाननी रोनाल्ड हटन या इतिहासकाराने 'द ट्रायम्फ ऑफ द मून' या 1999 च्या पुस्तकात केली, तीही आदराने. आतल्या माणसाचं मत हवं असेल तर मार्गो अ‍ॅडलर यांचं 'ड्रॉइंग डाउन द मून' आहे.

हे वाचताना एक गोष्ट क्षणभरही विसरू नका. लंडनमधली बाई स्वतःला विच म्हणवते, तेव्हा ते तिने निवडलेलं असतं. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, बाईला डाकीण ठरवतात ते इतर लोक. गावात मूल दगावलं, गाय आटली, की बोट एखाद्या विधवेकडे वळतं, आणि मग मारहाण, बहिष्कार, कधी खून. करणी, भानामती, मूठ मारणं हे शब्द आपल्या तालुक्यातही कानावर येतात. म्हणून व्हिडिओतलं चेटूक गंमत म्हणून बघणाऱ्या प्रत्येकाने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचं 'तिमिरातुनी तेजाकडे' वाचावं. फलज्योतिष, भानामती, अंगात येणं, बुवाबाजी, सगळ्यांवर त्यात स्वतंत्र विवेचन आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला.

तो कायदाही वाचण्यासारखा आहे. त्याची अनुसूची 12 कलमांची आहे, अर्ध्या तासात वाचून होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. हा कायदा पूजा, वारी, कीर्तन थांबवत नाही. ज्योतिषाचा नुसता सल्लाही त्यात येत नाही. म्हणूनच तिथे आपल्याला वाचवणारा आपला विवेकच असतो.

ही पुस्तकं मिळवायची कशी? गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि हवं ते पुस्तक मागणी वहीत लिहा. दहा सभासदांनी एकच नाव लिहिलं तर पुस्तक येतं. मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो, त्यातली फलज्योतिषावरची नोंद आधी काढा. शिक्षकांना विनंती आहे की एखाद्या निरभ्र रात्री मुलांना मोकळ्या माळावर न्या, पंचांगात चंद्र कोणत्या नक्षत्रात लिहिला आहे ते पाहा आणि तो तिथे आहे का ते मुलांनाच शोधू द्या. पंचांगातलं गणित किती चोख आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी कळेल.

आणि शेवटचं. वाचन चालू असतानाही कुणी तुम्हाला भीती दाखवली, 'घरच्यांना सांगू नका' म्हटलं, औषध बंद करायला सांगितलं किंवा दर वेळी आणखी पैसे मागितले, तर त्याच दिवशी तिथून उठा. आजार असेल तर ग्रामीण रुग्णालयात जा, मन खचलं असेल तर डॉक्टरांशी बोला, मारहाण किंवा फसवणूक झाली असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तुमच्या अडचणीचा उपाय शोधण्याचा हक्क तुमचा आहे. तो कुणाच्या पत्त्यांवर, पत्रिकेवर किंवा लिंबू-मिरचीवर सोडू नका.