शेतकऱ्याचा प्रपंच आणि पिकाचा हिशेब

शेतकऱ्यासंबंधी बोलताना आपण बहुधा त्याच्या पिकाविषयी बोलतो. रोपे कोणती लावावी, खत किती द्यावे, कीड कशी आवरावी हे सांगतो. आणि ते आवश्यकच आहे. परंतु शेतावर राबणारा हा मनुष्य कोणाचा मुलगा, कोणाचा पती आणि कोणाचा पिताही असतो. पिकात जे बरेवाईट घडते ते सायंकाळी त्याच्या चुलीपर्यंत पोहोचते, आणि चुलीजवळची ओढाताण दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात उतरते. म्हणून पिकाचे नियोजन आणि प्रपंचाचे नियोजन ही एकाच बैठकीत, पतिपत्नींनी मिळून करावयाची कामे होत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महाबळेश्वर तालुक्याचे उदाहरण घ्या. येथील तांबड्या मातीतील स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. देशात होणाऱ्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर पिकतो. या पिकाने अनेक घरांत चार पैसे आणले, मुले शिकली, घरे पक्की झाली. तथापि या पैशाच्या येण्याजाण्यास एक ठरावीक चाल आहे आणि ती प्रपंचाच्या सोयीची नाही.

फळ नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते. याच काळात घरात पैसा खेळतो. हंगाम संपतो तोच लगीनसराई येते. तिच्यामागोमाग पावसाळी बेगमी: तांदूळ, डाळ, मीठमिरची, जळण, जनावरांची वैरण, घराच्या झडी. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथे पडतो तेथे ही बेगमी टाळता येत नाही. जूनमध्ये शाळा उघडते. वह्या, पुस्तके, गणवेश हवेत. पाऊस ओसरू लागला की गादीवाफे, आच्छादनाचा कागद, ठिबकच्या नळ्या आणि रोपे यांचा खर्च एकदम उभा राहतो, कारण लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकावी लागते. म्हणजे मे ते नोव्हेंबर हे सात महिने खर्चाचे आणि मिळकत जवळजवळ शून्य.

या सात महिन्यांत ज्याची गाठ सैल असते, तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो. उचल वाईटच असते असे आम्ही म्हणत नाही. अडल्या वेळी ती उपयोगी पडते. पण उचल घेतलेला माल बहुधा त्याच दारी घालावा लागतो, आणि तेथे भाव विचारण्याची जीभ आपोआप जड होते. अशा घरात शेतकऱ्याने कितीही सुधारलेले तंत्र वापरले तरी त्याचा लाभ त्याच्या मुलाबाळांपर्यंत पुरता पोहोचत नाही.

दैवाचा फेरा निराळाच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा फळ वाफ्यावर होते. पर्यटक थांबले, वाहतूक अडली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उतारावरील माती वाहून गेली. असे प्रसंग कोणी टाळू शकत नाही. परंतु ज्या घरात थोडी शिल्लक असते ते घर अशा धक्क्याने वाकते, मोडत नाही.

आता प्रश्न असा, की हा हिशेब कोणी करावा? आपल्याकडे पिकाची वही पुरुषाच्या हाती आणि घरखर्चाची वही बाईच्या डोक्यात असते. दोघांची गाठ पडते ती पैसा संपल्यावर. वास्तविक पाहता खुरपणी तीच करते, सकाळच्या गारव्यात फळ तोडते, निवडून डब्यांत भरते. किती फळ मऊ पडले, मिठामिरचीस किती लागले, सासूच्या औषधास किती गेले, हे तिच्याइतके अचूक कोण सांगेल? जिला खर्च ठाऊक आहे तिला वगळून केलेले नियोजन अर्धेच राहणार.

आमची सूचना साधी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास, हातात पैसा असतानाच, पतिपत्नींनी एकत्र बसून हंगामाच्या मिळकतीचे चार वाटे करावेत. पहिला वाटा कर्जफेडीचा. दुसरा पुढील लागवडीचा. तिसरा बेगमी व शाळेचा. चौथा आजारपण व अडीअडचणीचा. लग्नकार्याची हौस यांतून उरेल त्यात बसवावी. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. पण अंथरूण किती लांब आहे हे मोजणार कधी? पाडव्याला मोजावे.

दुसरी गोष्ट कर्जाची. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत पीककर्जाच्या १० टक्के इतकी रक्कम घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठी धरलेली असते. प्रपंचाची गरज ही शेतीचीच गरज आहे, हे येथे धोरणानेच मान्य केले आहे. बँकेत किंवा सोसायटीत जाताना याची विचारणा अवश्य करावी, आणि फेड मुदतीत करून व्याजातील सवलत पदरात पाडून घ्यावी.

तिसरी गोष्ट नावाची. पतीने स्वेच्छेने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सात-बारावर लावण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजनेद्वारे केली. कोणी म्हणेल, घरात विश्वास असता कागद कशास? आमचे उत्तर असे, की कागदावरील नाव अविश्वासाचे नव्हे, भागीदारीचे चिन्ह आहे. नाव असले म्हणजे बँकेच्या व कृषी खात्याच्या दारी ती स्वतःच्या हक्काने उभी राहते. आणि दुर्दैवाने घरचा कर्ता गेला, तर लेकरांना घेऊन तिला दारोदार फिरावे लागत नाही.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींस शेवटी एक विनंती. सभा भरवाल तेव्हा ती एकट्या पुरुषांची भरवू नका. फळतोडणी व स्वयंपाक यांच्यामधली वेळ साधा आणि घरच्या बाईलाही बोलवा. कोणाच्या घरात डोकावण्याचा आपणांस अधिकार नाही हे खरे. म्हणून किती मिळाले हे विचारू नका, हिशेब कसा मांडावा एवढेच दाखवा. याच तालुक्यातील भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले आणि शेतकऱ्यांनी आपल्या ओसऱ्या वाचकांसाठी मोकळ्या केल्या. ज्या डोंगरावरील घरांनी इतक्या पुस्तकांना जागा दिली, तेथे जमाखर्चाच्या एका वहीस कोनाडा मिळणार नाही असे आम्हांस वाटत नाही. मात्र ती वही दोघांच्या हाताने लिहिली जावी.